कात्रीताईची बातमी कोण फोडत होतं

नगरसेविका होण्याआधी ती आमच्या रस्त्यावर केस कापायची, आणि झाल्यावरही कापत राहिली. म्हणून कात्रीताई. माझं औषधांचं दुकान तिच्या पार्लरच्या अगदी समोर. फ्रॉक घालून रस्ता ओलांडायची तेव्हापासून मी तिला पाहतोय, त्यामुळे सगळं शहर ताई म्हणत असलं तरी माझं तिच्याशी अगं-तुगंच चालतं.

तिचे आईवडील दुसऱ्या देशातून इथे आले ते एक पेटी घेऊन आणि हिचं बोट धरून. तिकडे काय घडलं होतं हे वडिलांनी कुणाला सांगितलं नाही. कुणी फारच खोदून विचारलं तर म्हणायचे, "तिकडची हवा मानवत नव्हती." त्या वेळच्या आमच्या नगरसेवकाने त्यांना आपल्या गॅरेजवरची खोली दिली. या गृहस्थांना आम्ही 'अध्यक्ष' म्हणायचो. कारण ते वाचनालयापासून व्यायामशाळेपर्यंत जिथे खुर्ची दिसेल तिथे अध्यक्ष होते. वडील फरशा बसवायला लागले. आई लवकर गेली. वडिलांचे उच्चार शेवटपर्यंत परकेच राहिले, पोरगी मात्र आमच्यापेक्षा अस्सल बोलायची. तरी खुर्चीत बसलेली नवी गिऱ्हाइकं आरशातून तिच्या चेहऱ्याकडे बघत विचारायचीच, "मूळच्या कुठल्या तुम्ही?" ती म्हणायची, "या गल्लीच्या टोकाच्या. मान खाली करा."

महापालिकेने आमचा दवाखाना बंद करायला घेतला तेव्हा तिने पार्लरमध्ये येणाऱ्या प्रत्येक बाईला कामाला लावलं. दवाखाना वाचला, आणि पुढच्या निवडणुकीत अध्यक्षांना हरवून ती निवडून आली. थोडक्यात आली, पण आली.

तेव्हापासून संशयाने तिचा पिच्छा पुरवला. इथले लोक म्हणायचे, बाहेरची बाई, उद्या आपल्याच लोकांची वस्ती आणून बसवेल. तिच्या वडिलांच्या देशाकडचे म्हणायचे, आता ही त्यांची झाली, आपल्याला ओळखसुद्धा देणार नाही. तिने एखाद्याचं काम केलं तर 'यात हिचं काय?' आणि नाही केलं तर 'बघा, म्हटलं नव्हतं?' सुरुवातीला ती हसण्यावारी न्यायची. मग हळूहळू तिलाही सवय लागली. समोरचा गोड बोलला की तिच्या कपाळाला आठी पडायची.

त्यातच मंडईचं प्रकरण आलं. आमची जुनी भाजीमंडई पाडून तिथे गाड्या लावायची मजलेवाली इमारत उभी करायचा घाट घातला होता, आणि त्यामागे होते अध्यक्ष. निवडणूक हरले होते, पण वजन तसंच होतं. कात्रीताईचं म्हणणं, मंडई दुरुस्त करा, पाडू नका. सभागृहात काही सदस्य कुंपणावर बसले होते, त्यांना ती एकेक करून गाठत होती. दुपारी पार्लर रिकामं असलं की आम्ही चार टाळकी तिथे जमायचो: ती, तिचा नवरा, शेजारी कपडे शिवणारी तिची जिवाभावाची मैत्रीण आणि मी. नवरा बस चालवायचा, डबा खायला यायचा आणि अर्धा वेळ डुलक्या काढायचा.

लवकरच एक विचित्र गोष्ट लक्षात आली. ती ज्या सदस्याकडे जायची ठरवायची, त्याच्याकडे अध्यक्ष आदल्या दिवशीच जाऊन आलेले असायचे. एकदा झालं, दोनदा झालं. तिसऱ्यांदा एका सदस्याने दारातच सांगितलं, "ताई, तुम्ही येणार हे कळलं होतं मला. आणि काय बोलणार तेही कळलंय. बसा, चहा घ्या, पण उपयोग नाही."

त्या दिवशी ती परत आली आणि आमच्याकडे एकेक करून अशी पाहत राहिली की मला माझ्याच दुकानातली गोळी घ्यावीशी वाटली.

तिने मग डाव टाकला. आम्हा तिघांना तिने तीन वेगळ्या सदस्यांची नावं सांगितली, आणि प्रत्येकाला बजावलं, "फक्त तुलाच सांगतेय." मला सांगितलेल्या सदस्याकडे कुणी फिरकलं नाही. नवऱ्याला सांगितलेल्याकडेही नाही. मैत्रिणीला सांगितलेल्या सदस्याच्या दारात मात्र दुसऱ्या दिवशी अध्यक्षांची गाडी उभी होती.

मी गल्ल्यावरून सगळं पाहिलं आणि ऐकलं. कात्रीताई शिवणाच्या मशीनसमोर जाऊन उभी राहिली.

"त्यांनी काय दिलं तुला?"

मैत्रिणीने पायाखालचं पायडल थांबवलं. "कुणी?"

"नाटक करू नकोस. हे नाव फक्त तुला माहीत होतं."

"वेड लागलंय का तुला? माझ्या बाळंतपणात तू माझ्या उशाशी बसलीस, आणि मी तुझ्या बातम्या विकणार?"

"मग कुणी सांगितलं? भिंतींनी?"

 मैत्रिणीने मशीनवर झाकण घातलं, शटर ओढलं आणि निघून गेली. दुसऱ्या आठवड्यात तिने बाजारापलीकडे जागा घेतली.

आता बातमी फुटायची थांबेल असं आम्हाला वाटलं. थांबली नाही.

शेवटी कात्रीताईने ठरवलं की थेट अध्यक्षांनाच विचारायचं. ते रोज सकाळी तलावाभोवती फिरायचे हे सगळ्यांना ठाऊक होतं. ती गेली. लांबून तिला ते बाकावर बसलेले दिसले. शेजारी एक म्हातारा संत्रं सोलत होता, शिरा काढून एकेक फोड त्यांच्या हातावर ठेवत होता आणि काहीतरी सांगत होता. अध्यक्ष मान डोलावत होते. म्हातारा म्हणजे तिचे वडील.

ती पुढे गेली नाही. घरी येऊन वडिलांची वाट पाहत बसली. ते आल्यावर काय झालं हे तिने मला पुष्कळ दिवसांनी सांगितलं.

"बाबा, तुम्ही रोज त्यांना भेटता?"

"भेटतो की. आपण इथे आलो त्या वर्षापासून भेटतोय." त्यांनी लपवायचा प्रयत्नसुद्धा केला नाही.

"आणि माझी कामं त्यांना सांगता?"

"विचारतात. मग सांगतो."

"बाकीची मीच सांगायचे, पण मैत्रिणीला सांगितलेलं ते नाव तर मी तुम्हाला सांगितलंच नव्हतं!"

"तुझी मैत्रीण माझा डबा घेऊन आली होती. मी विचारलं, पोरगी एवढी दमलेली का दिसते, उद्या कुठे जायचंय तिला? ती बिचारी सांगून गेली." मग ते तिच्या शेजारी बसले. "अगं, त्यांनी आपल्याला खोली दिली. उद्या तुझं काही बिनसलं तर कुणीतरी मोठा माणूस आपल्या बाजूचा नको का?"

"मला लोकांनी निवडून दिलंय, बाबा."

"लोकांनी निवडून दिलेल्यांना तिकडे घरातून उचलून नेताना पाहिलंय मी. त्यांच्या घरच्यांसाठी बोलायला एक माणूस नव्हता. म्हणून मी एक माणूस राखून ठेवलाय."

इतक्या वर्षांत तिकडचं ते पहिल्यांदाच बोलले होते. तिला रागाने फुटायचं होतं, पण त्यांच्या फरशीच्या कामाने वाकड्या झालेल्या बोटांकडे बघून तिने त्यांना जेवायला वाढलं.

पण ती नगरसेविकाही होती. सभागृहात मंडईवर मतदान होतं, त्याच्या आदल्या दिवशी ती वडिलांपुढे डोकं धरून रडत बसली. म्हणाली, "सोडलं मी मंडईचं. कुणी बरोबर नाही. उद्या सभेला जाणारसुद्धा नाही." वडिलांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तलावावर गेले.

अध्यक्ष निश्चिंत झाले. त्यांचे दोन सदस्य तर एका लग्नाला परगावी निघून गेले. दुपारी कात्रीताई सभागृहात हजर झाली, रात्रंदिवस फोन करून वळवलेली माणसं घेऊन. मंडई वाचली. भाजीवाल्यांनी तिला खांद्यावर घ्यायचंच बाकी ठेवलं होतं. मी पेढे आणायला निघालो तर म्हणाली, "नको, काका. माझ्या तोंडाला चव नाही."

त्यानंतर अध्यक्षांनी तिच्या वडिलांना ओळख देणं बंद केलं. म्हातारा तलावाभोवती एकटाच फेऱ्या मारायचा. घरी त्याने कधी विषय काढला नाही. फक्त एकदा जेवताना म्हणाला, "त्या दिवशी तू माझ्यासमोर फार छान रडलीस." तिने वाढताना मान वर केली नाही.

मैत्रिणीची माफी मागायला ती बाजारापलीकडे गेली. मैत्रिणीने बसायला स्टूल दिलं, चहा मागवला. सगळं ऐकून घेतलं.

"राग नाही गं आता," ती म्हणाली. "पण तुझ्यासमोर तोंड उघडताना मी आधी विचार करते, हे बोललं तर ही काय समजेल? पूर्वी नव्हते करत. आता ती सवय कशी मोडायची ते मला माहीत नाही."

त्या दोघी अजून भेटतात. एकमेकींच्या घरी कार्याला जातात, पोरांची चौकशी करतात. पण दुपारचा तो अड्डा पुन्हा बसला नाही.

कात्रीताई पुढची निवडणूकही जिंकली. त्या वेळी अध्यक्षांनी आपला पुतण्या उभा केला होता. तोवर वडिलांना इथलं नागरिकत्व मिळून त्यांचं नाव मतदार यादीत आलं होतं आणि आयुष्यात पहिल्यांदा ते मत द्यायला गेले. स्वच्छ शर्ट घातला, जावयाचा हात धरून रांगेत उभे राहिले, आणि बोटावरची शाई वाळेपर्यंत हात हवेत धरून बाहेर आले. मी तिथेच होतो.

कात्रीताईने हसत विचारलं, "काय बाबा, कुणाला दिलंत?"

म्हातारा तिच्याकडे वळला. मग आपल्या त्या परक्या उच्चारात, सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "मत गुप्त असतं."

रांग खो-खो हसली. तीही हसली. पण निकालानंतर आठवड्याभराने ती माझ्या दुकानात डोकेदुखीची गोळी घ्यायला आली आणि पाण्याचा पेला हातात धरून म्हणाली, "काका, तुम्हाला काय वाटतं, त्यांनी मलाच दिलं असेल ना?"