दत्तूमास्तरांची डबी

समस्त नाशिककरांना, आणि एक ना एक दिवस नाशिकला यायचंच आहे अशा उर्वरित जनतेला, कळवण्यात येते की सत्तर-ऐंशीच्या दरम्यान रामकुंडावरच्या कावळ्यांचा संपूर्ण कारभार एका निवृत्त ड्रॉइंग मास्तरांच्या हाती होता. ही गोष्ट दोघांनाच ठाऊक होती. त्यातले एक मास्तर गेले, उरलो मी.

तीर्थाच्या गावात राहायचं म्हणजे पाहुण्यांची हौस फिटते. इतरांकडे मामा-मावशा सुट्टीला येतात. आमच्या पंचवटीत त्या तांब्याच्या तोंडाला फडकं बांधून येतात. "नाशिकला माणूस दोनदा येतो," शेजारचे दत्तूमास्तर म्हणत, "एकदा पिशवी घेऊन, एकदा पिशवीतून." आणि मग समोरच्याकडे असे बघत, की त्याला एकदम घरचं काम आठवे.

दहाव्याच्या पिंडाला कावळा शिवेना, म्हणजे गेलेल्या जिवाची काही इच्छा अडकली असं समजून मंडळी मास्तरांना बोलावत. मास्तर घाटाच्या पायरीवर बसून एकेक चेहरा न्याहाळत. मग एकच प्रश्न: "मागे कोण राहिलं?" कुणीतरी मान खाली घाली. म्हातारीला सांभाळतो, बहिणीचं लग्न करतो, असा शब्द मोठ्याने दिला जाई. मास्तर तपकिरीची डबी काढून तिच्यावर नखाने दोनदा टकटक करत, चिमूट ओढत, आणि कावळा झेपावे. बायका हात जोडत. माझ्या अंगावर दरवेळी काटा येई.

एकदा न राहवून मी विचारलंच. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला गच्चीवर नेलं, शिळ्या पोळीचा कुस्करा कठड्यावर ठेवला आणि डबी वाजवली. टक, टक. सगळं आभाळ काळं होऊन आमच्यावर उतरलं.

"रोजची सवय आहे त्यांना," मास्तर खुशीत म्हणाले. "घाटावर डबी शब्द मिळाल्याखेरीज वाजवायची नाही, एवढंच."

"मास्तर, ही फसवणूक झाली!"

"कुणाची? म्हातारीला जेवण मिळालं की नाही?"

त्या पावसाळ्यात मास्तरांनी अंथरूण धरलं. मुलगा अरविंद इगतपुरीला रेल्वेत. पंचवटीतलं घर एका लॉजवाल्याला द्यायचं आणि आईला दोन बहिणींकडे सहा-सहा महिने ठेवायचं, असं त्याच्या मनात होतं. काकूंना, म्हणजे मास्तरांच्या पत्नीला, कुणी विचारलं नव्हतं. मास्तरांनी डबी माझ्या मुठीत कोंबली. "हिला घरातून हलवू देऊ नकोस. आणि माझ्या वेळेला घाई करायची नाही, बरं का."

मास्तरांच्या दहाव्याला ढग अगदी खाली आले होते. गोदेचं पाणी मातकट, गप्प. भिंतीवर कावळे ओळीने बसले होते आणि एकही ओरडत नव्हता. अरविंद पिंडासमोर हात जोडून म्हणाला, "तात्या, वर्षश्राद्ध नीट करीन." कावळे हलले नाहीत. "शाळेला तुमच्या नावाने बक्षीस ठेवीन." एकाने नुसती मान वळवली. काकू वरच्या पायरीवर पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या.

गुरुजी चुळबुळले. "दर्भाचा कावळा करून शिववतो. मागे तीन मंडळी खोळंबलीत."

अरविंदने होकाराची मान हलवली. दर्भ पिंडाला लागला की काकूंचं घर गेलं. डबी माझ्या खिशात होती. मी पुढे झालो आणि माझ्याच तोंडून मास्तरांचा आवाज निघाल्यासारखं वाटलं: "अरविंद, मागे कोण राहिलं?"

त्याने काकूंकडे बघितलं. मग पिंडाकडे वळला. "आईला घरातून हलवणार नाही, तात्या. लॉजवाल्याला आजच नाही म्हणून सांगतो."

मी घाईघाईने खिशात हात घातला. डबी अस्तरात अडकली. आणि भिंतीवरचा सर्वांत थोराड कावळा सरळ पिंडावर उतरला, चोच मारली, आणि मान तिरकी करून माझ्याकडे बघत राहिला. असं बघणं मी आयुष्यात एकाच माणसाचं पाहिलं होतं.

गुरुजी, अरविंद, काकू आणि मागच्या तिन्ही मंडळींसमोर मी ओरडलो:

"अहो, पण मी डबी अजून वाजवलीच नव्हती!"