भावोजी नळ्या काढायला निघतात

सोमवारी सकाळी भावोजी हात पुसत म्हणाले, "काढून टाकू सगळं. दोन्ही टर्बो एकदमच चालवू." तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

भावोजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान आणि मी जिथे पत्रा ठोकतो नि रंग मारतो त्या गॅरेजचे मालक. बत्तीस वर्षं इंजिनं उघडतायत. कारखान्यानं बसवलेला साधा चिमटा कुणी काढून फेकला असेल, तर त्याच्या सात पिढ्यांची चौकशी करणारा माणूस. "बनवणाऱ्याला काय वेड लागलं होतं, तो घालायला?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. गिऱ्हाइकावर, दुकानदारावर आणि माझ्यावर तर विशेषच, विश्वास शून्य. मी आवळलेला नट ते माझ्यादेखत पुन्हा आवळतात. विश्वास फक्त स्वतःच्या कानावर. रबरी नळीचा हातभर तुकडा घ्यायचा, एक टोक कानाला लावायचं, दुसरं इंजिनावर फिरवायचं आणि हवा कुठून फुसफुसते ते सांगायचं. अडलं की बाकीचे मेकॅनिकही त्यांनाच बोलवायचे.

गाडी होती दाताच्या डॉक्टरीणबाईंची. लाल, दोन माणसांची, पंचवीस वर्षांची स्पोर्ट्स कार. टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, आणि हिला असे दोन. पहिला गाडी हलताच कामाला लागतो, दुसरा वेग वाढला की येऊन मिळतो. कुणी कधी यायचं हे ठरवायला करंगळीहून बारीक अशा अठ्ठावीस नळ्या. दुसऱ्याची यायची वेळ झाली की ही गाडी आचके द्यायची, म्हणजे एखादी नळी गळत होती. भावोजी तीन आठवडे कान लावून बसले, पण ती सापडेना.

हे जंजाळ काढून दोन्ही पंखे पहिल्यापासून एकत्र फिरवणारे लोक आहेत. गाडी साधी होते, बिघाडही कमी. पण मग दोन्ही पंखे सावकाश वेग घेतात आणि सुरुवातीची ताकद जाते. बाईंचा दवाखाना उभ्या चढावर. रोज सकाळी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये वर जायचं. त्यांना हे सोपेपण महागात पडणार होतं, आणि हे गणित मला भावोजींनीच शिकवलेलं. शिवाय बाई सांगून गेल्या होत्या, "तुम्ही म्हणाल तसं करू. मी दुसऱ्या कुणाला विचारणार नाही."

मग पाणी मुरत होतं कुठे? मला वाटलं, यांच्या हातून काहीतरी मोडलंय आणि आता झाकाझाक चाललीय. ते जेवायला गेल्यावर मी नळ्यांना जोडलेले भाग गाडीतच तपासले. हवा सोडणारा-अडवणारा एकूण एक व्हॉल्व्ह शाबूत, प्रत्येकाला चिठ्ठी लावलेली. मग वाटलं, काढलेला माल कुणाला तरी द्यायचा असणार. ताईला विचारायला गेलो, तर ती माझ्याही दोन पावलं पुढे.

"मलाही संशय येतोय," ती म्हणाली. "महिना झाला, जेवायची जागा बदललीय त्यांनी. म्हणे इकडे उजेड बरा आहे. मी काही बोलले की नुसती मान हलवतात. काहीतरी लपवतायत रे."

माझी खात्रीच झाली. मग मी एक नीच काम केलं. मंगळवारी ते यायच्या आत अकराव्या नळीला सुईनं भोक पाडलं. गळती सापडल्यावर ते सांगतात की दडपतात, तेवढं मला बघायचं होतं.

"शेवटचं एकदा ऐका की, भावोजी," मी साळसूदपणे म्हटलं.

इंजिन सुरू झालं. मला तर बाजूला उभं राहूनही ती फुसफुस ऐकू येत होती. भावोजींचा रबरी तुकडा नवव्या नळीवरून दहावीवर गेला, दहावीवरून अकरावीवर, आणि तिथून सरळ पुढे. पापणीसुद्धा हलली नाही.

"काही नाही," ते म्हणाले. "म्हणून म्हणतो, काढू."

सापडला चोर! "ताकाला जाऊन भांडं कशाला लपवता?" मी म्हटलं. "अकरावी शिट्टी मारतेय. मीच फोडलीय ती."

भावोजींनी इंजिन चालूच ठेवलं. वाकून त्या नळीपाशी आधी उजवा कान नेला, मग डावा. ते उठून मला शिव्या घालतील म्हणून मी तयार होतो.

"आत्ताही येतोय आवाज?" त्यांनी विचारलं.

"येतोय."

"मोठा आहे?"

मी मान हलवली. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"डावा गेलाच आहे," ते म्हणाले. "जेवतानाही तुझ्या ताईला उजव्या बाजूला घेतो. उजव्याला बारीक आवाज लागत नाही. म्हटलं, नळ्याच नसल्या तर ऐकायचं काय उरतं? माझी सोय बघितली मी. बाईंचा चढ नाही बघितला."

संध्याकाळी डॉक्टरीणबाई आल्या. आता भावोजी काहीतरी गुळमुळीत सांगून वेळ मारून नेतील, असा माझा कयास. संशय काय एका दिवसात जातो? पण ते सरळ बोलले, आणि ते बोलत असताना मला वर बघवेना.

"गाडीत दोष एखाद्याच नळीचा आहे. मला सापडला नाही, कारण मला ऐकू येत नाही. काढून टाकलं असतं, तर तुम्ही रोज चढावर रखडला असता आणि मी म्हणालो असतो, जुनी गाडी आहे, चालायचंच."

बाईंनी वाकून उघड्या इंजिनात पाहिलं. "म्हणजे काढायचं नाही. मग आता ऐकणार कोण?"

"हा," भावोजी माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले. "लबाड आहे, पण कान चांगले आहेत."

मी फुटलेली अकरावी बदलली आणि रबरी तुकडा कानाला लावला. सव्विसाव्या नळीपाशी, अगदी खाली, एक बारीक धागा ओढल्यासारखा आवाज होता. मी हात वर केला. भावोजी जवळ आले, त्यांनी इंजिन बंद केलं आणि विचारलं, "कसा आहे? नीट सांग." आणि बत्तीस वर्षं जे आवाज त्यांनी सगळ्यांना सांगितले, त्यांतला एक मी त्यांना जमेल तसा, मोठ्यानं, उजव्या कानाशी सांगू लागलो.