महालक्ष्म्यांपुढची जांभळी फुलं

आमच्या गावतळ्याचं पाणी मी नासवलं. हे कुणाला तोंडानं सांगायची हिंमत आजही माझ्यात नाही, म्हणून लिहिते आहे.

गेल्या वर्षी महालक्ष्म्यांपुढची आरास सगळ्या गल्लीत उठून दिसावी अशी मला हौस आली. आमच्या तळ्यात मासे धरणारा भोई अधूनमधून सिद्धेश्वरच्या धरणावर जायचा. तिथली जांभळी फुलं आणून दे म्हणून मीच त्याच्या मागं लागले. नुसती तोडली की लगेच माना टाकतात, म्हणून त्यानं मुळांसकट बादलीभर आणली. जलपर्णीच ती. देताना एवढंच म्हणाला, "वहिनी, झाल्यावर वाळवून जाळा. पाण्यात टाकू नका."

देवीपुढचं निर्माल्य जाळायचं? मला ते अभद्र वाटलं. याला काय कळतं, असं मनाशी म्हणत मी रीतीप्रमाणे सगळं तळ्यात सोडलं आणि हात जोडून घरी आले.

दिवाळीत एक कोपरा हिरवा झाला, संक्रांतीला अर्धं तळं. चैत्रात ओंजळभर पाणी उघडं उरलं नाही. खाली ऊन पोचेना, पानं कुजून पाणी काळं पडलं. म्हशी काठावर येऊन हुंगायच्या आणि तोंड फिरवायच्या. मासे आधी पानांच्या फटीतून तोंडं काढून तडफडले, मग एका सकाळी सगळे उलटे तरंगले. भोयाच्या घराचं पोट त्या माशांवर होतं.

पारावर गाव जमलं. धरणावर जाणारा तोच, तेव्हा ही पीडा त्याच्याच जाळ्यातून आली असं ठरलं. त्याला विचारलं. त्यानं एकदा माझ्याकडं पाहिलं.

"व्हय, म्याच आणली."

कुणासाठी, ते तो बोलला नाही. मला हायसं वाटलं, आणि त्याहून जास्त भीती वाटली. त्या भीतीपोटी सगळ्यांत मोठ्यांदा मीच बोलले, याला पुन्हा तळ्यावर पाय ठेवू देऊ नका. बाया माझ्या बाजूनं झाल्या. तळं त्याच्याकडून काढून घेतलं.

बिऱ्हाड टेम्पोत भरून निघाला तेव्हा तो आमच्या दाराशी थांबला. मी उंबऱ्याबाहेर आले नाही. आतूनच विचारलं, काय पाहिजे.

"काही न्हाई, वहिनी. औंदा फुलं आणायला मी असनार न्हाई. तळ्यातली घ्या, तुमचीच हायेत."

यंदा मी प्लॅस्टिकची फुलं लावली. गल्लीतल्या बायांनी आरास फार नावाजली.