स्वयंपाकघर नावाचं सेटिंग

एखाद्या कंपनीला आनंद झाला की मी सावध होते. मी शाळेत संगणक शिकवते, त्यामुळे तंत्रज्ञानाच्या बातम्या वाचणं हा माझ्या कामाचाच भाग आहे. हावड्याहून फेरीबोटीने नदीपलीकडे बागबाजारला आईबाबांकडे जाताना मी त्या वाचते. इतकी वर्षं वाचून एक गोष्ट पक्की कळली आहे. ‘कळवताना अत्यंत आनंद होत आहे’ असं कंपनी म्हणाली की आपलं काहीतरी गेलं म्हणून समजावं. ‘तुमचा अनुभव अधिक सोपा करत आहोत’ म्हणजे जे बटण तुम्ही रोज वापरत होता ते काढून टाकलं. ‘एका नव्या प्रवासाला निघत आहोत’ म्हणजे मालकांनी कंपनी विकली आणि ते निघाले, आपण फलाटावरच. आणि ‘तुम्ही आमच्या कुटुंबातले आहात’ असं कोणी लिहिलं तर मी आधी पर्स सांभाळते.

बाबांना माझं हे बोलणं मुळीच पटायचं नाही. ते गार्डन रीचच्या रेल्वे मुख्यालयातून, सिग्नल विभागातून निवृत्त झाले. यंत्र बनवणारा माणूस मुळात सज्जन असतो अशी त्यांची श्रद्धा. कुठल्या परदेशी कंपनीचं नवीन काही यायचं असलं की ते दाढी करून, धुतलेला शर्ट घालून टॅबलेटसमोर बसत आणि पूर्ण कार्यक्रम पाहत. मंचावर फिरणाऱ्या त्या अब्जाधीशाला ते ‘हा पोरगा’ म्हणत.

“हा पोरगा हुशार आहे गं.”

“बाबा, तो पोरगा विकायला उभा आहे.”

“मग? भाजीवालाही विकायलाच उभा असतो. म्हणून काय त्याची भाजी वाईट असते?”

तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून म्हणायची, “तुमचा तो पोरगा कोथिंबीर फुकट देतो का, ते विचारा आधी.”

आईचं सगळं बोलणं स्वयंपाकघरातूनच यायचं. हे जरा नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. लग्न होऊन ती इथे आली तेव्हा तिला बंगाली येत नव्हतं, हिंदी जेमतेम. दिवसभर तोंड बंद. संध्याकाळी बाबा दोन बस बदलून घरी यायचे, बाहेरच्या खोलीत खिडकीकडे तोंड करून खुर्चीत बसायचे, आणि आई गॅसपाशी उभी राहून दिवसभराचं मराठी बोलून घ्यायची. तिची पाठ त्यांच्याकडे, त्यांची पाठ तिच्याकडे. मधे दार, सतत उघडं. समोरासमोर बसून ते दोघं बोलताहेत असं मी लहानपणापासून कधी पाहिलंच नाही. समोर आल्यावर आई फक्त ताट वाढायची. पण तव्याकडे बघत ती काहीही बोलू शकायची. तिची आई गेल्यानंतर ती रडली तीही अशीच, पोळ्या लाटत, आणि बाबा रस्त्याकडे बघत म्हणत राहिले, “हो गं. हो.” पुढे बंगाली तिला इतकं छान यायला लागलं की मासळीवाली तिच्याशी सुनेच्या तक्रारी करायची, आणि आमच्या घरी तर मासे आणतही नाहीत. तरी ते दारातून चाललेलं मराठी तसंच राहिलं. आम्ही मुलं अर्धं बंगालीत बोलणारी. आईचं खरं मराठी ऐकणारा माणूस एकच होता.

मग त्या माणसाचे कान गेले. एकदम नाही, हळूहळू. आधी आईला वाटलं, दुर्लक्ष करतात. मग ती चिडली. मग ती गप्प झाली. मधली काही वर्षं त्या घरात नुसता कुकर बोलायचा.

कानाचं मशीन बाबांनीच शोधून काढलं, बातम्या वाचून वाचून. एका छोट्या कंपनीचं होतं. महाग होतं, पण त्याबरोबर फोनवर एक अ‍ॅप होतं, आणि तेही मराठीत. त्यात कुठल्या बाजूचा आवाज आत घ्यायचा, कुठला दाबायचा, पातळ आवाज किती वाढवायचा, हे सगळं आपलं आपण ठरवता यायचं. सिग्नलमधल्या माणसाला आणखी काय हवं! बाबा महिनोन्‌महिने त्यात गुंतले. प्रत्येक जागेसाठी त्यांनी वेगळं सेटिंग बसवलं आणि त्याला नाव दिलं. ‘फेरी’त इंजिनाचा आवाज दाबलेला. ‘बाजार’मध्ये फक्त समोरचा माणूस. ‘अड्डा’ जमवायला सगळ्यात कठीण गेलं, कारण खालच्या ओट्यावर रोज संध्याकाळी बसणारी चार बंगाली म्हातारी माणसं एकाच वेळी बोलतात आणि एकमेकांचं ऐकतातही. ही मंडळी बाबांना अजून ‘बर्गी’ म्हणतात, मराठ्यांच्या स्वारीची आठवण काढून. बाबा त्यांना सांगतात, “आम्हाला अडवायला तुम्ही इथे खंदक खणलात, आणि आता आम्हीच इथे घर घेऊन बसलोय. खणण्याचे कष्ट फुकट गेले की हो.” मशीन आल्यावर या विनोदावर काय काय उत्तरं येत होती ते त्यांना पहिल्यांदाच कळलं, आणि त्यांनी दोन दिवस राग धरला.

चौथं सेटिंग ‘स्वयंपाकघर’. त्यात मागच्या बाजूचा माइक पूर्ण उघडा, कुकरची शिट्टी आणि नळाचं पाणी दाबलेलं, आणि एका विशिष्ट पट्टीतला बाईचा आवाज वर उचललेला. त्यासाठी बाबा खुर्चीत बसून आईला बोलायला लावायचे.

“काय बोलू?”

“काहीही बोल.”

“काहीही कसं बोलू? काही विषय आहे का?”

“इतकी वर्षं विषय होता का?”

ज्या दिवशी ते जमलं त्या दिवशी मी तिथेच होते. आई आत पुटपुटली, “एवढं मशीन आणलं, पण पंख्याची धूळ काही पुसली जात नाही,” आणि बाहेरून बाबा म्हणाले, “उद्या पुसतो.” आईच्या हातातलं उलथनं थांबलं. मग ती जी बोलायला लागली ती जेवणाची ताटं वाढेपर्यंत थांबलीच नाही.

बाबांनी भारावून कंपनीला लांबलचक ईमेल लिहिला. कंपनीलाही भरून आलं. त्यांनी फोटो काढायला एक माणूस पाठवला. त्याने आईला ओट्यापासून वळवून दारात उभं केलं, हातात डाव दिला आणि बाबांकडे बघून हसायला सांगितलं. आई म्हणाली, “अशी मी कधी उभी राहते?” पण हसली. तो फोटो कंपनीच्या संकेतस्थळावर लागला. खाली बाबांचं वाक्य: आता मला माझी बायको पुन्हा ऐकू येते. बाबांनी तो अड्ड्यावर सगळ्यांना दाखवला. मीसुद्धा, एवढी संशयी, त्या दिवशी मनात म्हटलं, असेल बाई एखादी कंपनी चांगली.

मग एका सकाळी फेरीत बसल्याबसल्या मी बातमी वाचली. छोट्या कंपनीला मोठ्या कंपनीने विकत घेतलं होतं, आणि दोघींनाही कळवताना अत्यंत आनंद होत होता.

आठवड्याभरात बाबांचं अ‍ॅप रात्रीतून आपोआप बदललं. कोणी विचारलं नाही, सांगितलं नाही. सगळी सेटिंग्ज गेली. ‘फेरी’, ‘बाजार’, ‘अड्डा’, ‘स्वयंपाकघर’, सगळी. त्यांच्या जागी एकच पडदा, त्यावर एक हिरवा ठिपका, आणि खाली मजकूर की आता तुम्हाला काहीही करायची गरज नाही. तुम्हाला काय ऐकायचं आहे ते कृत्रिम बुद्धिमत्ता ठरवेल. ठिपक्याखाली तिने आसपास काय ओळखलं ते दिसतं: ‘गर्दी’, ‘वाहतूक’, ‘संभाषण’, ‘शांत’.

या बुद्धिमत्तेचं मत असं, की जो समोर आहे तोच बोलतो आहे. मागून येणारं ते सगळं निरुपयोगी. अड्ड्यावर ती चौघांतून एकाला निवडायची, आणि नेमका तो, ज्याचं कोणीच ऐकत नाही. त्या माणसाला मात्र फार बरं वाटलं. आणि घरी आईचा आवाज, मागून, भांड्यांच्या आणि नळाच्या मधून येणारा, तो या बुद्धिमत्तेने कचऱ्यात टाकला. पहिल्या दिवशी बाबा हसून म्हणाले, “नवऱ्यांच्या मागणीवरून काढलेलं दिसतंय हे.” आई हसली नाही. तिच्या बिचारीच्या दुपारपासूनच्या कितीतरी गोष्टी सांगून झाल्या होत्या.

मी मदतकेंद्राशी चॅटवर बोलले. तिथेही यंत्रच होतं. त्याने मला सांगितलं की तुमच्या भावना आम्ही समजू शकतो. मी लिहिलं, भावना राहू द्या, मागचा माइक उघडा. ते म्हणालं, हा प्रश्न सुटला का? मी लिहिलं, नाही. ते म्हणालं, आम्हाला आनंद आहे. कानाच्या दवाखान्यातल्या मुलीने खरोखर प्रयत्न केला, पण नव्या मालकाने तिच्याकडचीही सेटिंग बदलायची किल्ली काढून घेतली होती. जुनं परत आणायची सोयच नव्हती. पूर्ण पैसे देऊन घेतलेलं मशीन बाबांच्या कानात होतं, पण ते बाबांचं नव्हतं. असा केसाने गळा कापलेला मी इतक्या जवळून पाहिला नव्हता. आणि संकेतस्थळावर तो फोटो तसाच! आई दारात हसते आहे, बाबांना बायको ऐकू येते आहे. मी तो काढायला लिहिलं. उत्तर आलं की ग्राहकांच्या कथा हा आमचा अभिमान आहे.

“दुसऱ्या कंपनीचं घेऊ,” मी म्हटलं.

“आणि ती कधी विकली जाईल?” बाबा म्हणाले. “भाजीवाला विकलेली भाजी घरात शिरून परत नेत नाही गं.”

या सगळ्या प्रकरणात ते एवढंच कडवट बोलले. पण त्यानंतर ते टॅबलेटसमोर दाढी करून बसले नाहीत.

आम्ही उपाय केले. खुर्ची फिरवून पाहिली, पण आई ओट्याकडेच तोंड करून उभी असते, तिच्या पाठीतून मशीनला काही कळेना. मग बाबांसाठी स्वयंपाकघरात स्टूल ठेवलं. अर्ध्या तासात आई म्हणाली, “डोक्यावर बसू नका, मला सुचत नाही.” मग ठरलं की काही बोलायचं असेल तर आईने गॅस बारीक करून बाहेर यायचं, बाबांच्या समोर उभं राहायचं आणि बोलायचं. तशी ती यायची. पदराला हात पुसत समोर उभी राहायची, कचेरीत साहेबापुढे उभं राहावं तशी, आणि म्हणायची, “दूध संपलंय.” ठिपक्याखाली ‘संभाषण’ उमटायचं. बाबा म्हणायचे, “आणतो.” ती परत आत जायची. तेवढंच. एवढ्या समोरून दुधाशिवाय दुसरं काय बोलणार?

नंतर तिने येणंही सोडलं. पुन्हा तव्याशी बोलायला लागली. आणि बाबांनी तिला वाईट वाटू नये म्हणून खिडकीकडे बघत, अंदाजाने, मधून मधून म्हणायला सुरुवात केली, “हं.”

“यांना वाटतं मला कळत नाही,” आईने मला फोनवर सांगितलं. “काल मी म्हटलं, अहो, घराला आग लागली आहे. तर म्हणाले, हं, बघू.” ती खूप हसली. मीही हसले. मग दोघींच्या लक्षात आलं की हसून झालं आहे, आणि तिने विचारलं की तिकडे भाजी काय केलीस.

मागच्या रविवारी मी गेले तेव्हा बाहेरचं दार नुसतं लोटलेलं होतं. मी चपला काढत दारातच थांबले. बाबा खुर्चीत, तोंड रस्त्याकडे. आत आईची पाठ, पोळ्या चालल्या होत्या. ती बोलत होती. शेजारच्यांनी गच्चीवर किती कुंड्या ठेवल्यात, गॅसवाल्याने पुन्हा बेल न वाजवता सिलिंडर परत नेला, या वर्षी गणपतीला मंडळात मोदक कोण करणार, गुडघा. बाबा ठरावीक वेळाने “हं” म्हणत होते. फोन त्यांच्याजवळच्या टेबलावर पडला होता.

मग आवाज जराही न बदलता, पोळी उलटवत, आई म्हणाली, “तुम्ही इथे बसलेले असता आणि मला फार एकटं वाटतं हो.”

बाबा रस्त्याकडे बघत होते. “हं,” ते म्हणाले. “बरोबर आहे तुझं.”

आईने मान हलवली आणि पोळी तव्यावरून उतरवली. टेबलावरच्या फोनवर हिरवा ठिपका होता, आणि त्याखाली लिहिलं होतं: ‘शांत’.