तिसऱ्या घंटेची वाट: दरेकसाकडची एक उपासना

ईस्टरनंतर मी चर्चला जाणं बंद केलं. आणि डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी, एक उपासना कशी सुरू होते एवढंच पाहायला, नागपूरहून गोंदिया जिल्ह्याच्या पार टोकाला निघाले. वेडेपणा वाटत असेल तर वाटू द्या. लोक शंभर मैल जाऊन धबधब्याकडे पाठ करून स्वतःचे फोटो काढतात, त्यापेक्षा हे बरं.

कारण सांगते. माझी शाळा कॅथलिक सिस्टरांची आणि घरची मंडळी प्रोटेस्टंट. दोन्हीकडे एक गोष्ट सारखी शिकले: उपासनेची सुरुवात म्हणजे वेळ काढणं नव्हे. घंटा होते, लोक गप्प आत येऊन बसतात, पाच मिनिटं मूक प्रार्थना. मग पाळकसाहेब पाचारणाचं, म्हणजे देवाच्या बोलावण्याचं, वचन वाचतात, सगळे उभे राहून पहिलं गीत म्हणतात, मग पापांगीकार, म्हणजे आपल्या चुकांची कबुली. या क्रमाला अर्थ आहे. माणूस घरून येताना डोक्यात भाजी, गुडघे आणि सून घेऊन येतो. ते खाली ठेवायला वेळ लागतो.

आमच्या चर्चमध्ये आता पडदा लावलाय. त्यावर दहापासून उलटे आकडे पडतात, रॉकेट सुटणार असल्यासारखे. एकावर आले की ढोल वाजतो आणि माइकवरून कोणीतरी ओरडतं, "गुड मॉर्निंग! आवाज नाही आला!" मूक प्रार्थना रद्द. घंटाही रद्द. ती घंटा माझा नवरा अशोक बावीस वर्षं वाजवत होता. तो जाऊन दोन वर्षं झाली. मी सभेत विचारलं, "उपासना आहे की लग्नाची वरात?" त्यावर सुषमा, आमची सेक्रेटरी, माझ्या डोळ्यांदेखत लहानाची मोठी झालेली मुलगी, म्हणाली, "काकू, घंटा आता ऐकतं कोण?"

मी उठले, घरी आले, आणि चर्चच्या मंडळीच्या यादीतून माझं नाव काढावं असं पत्र लिहिलं. मुद्देसूद, एक पान. ते आठ महिने पर्समध्ये होतं. नवऱ्याची घंटा जिथे वाजत होती तिथून नाव काढणं सोपं नाही. न काढून तिथे बसणंही सोपं नाही. रविवारी सकाळी मी घरी रेडिओवर भक्तिगीतं लावायची आणि एकटीच "आमेन" म्हणायची. त्या शब्दाला दुसरा आवाज लागतो, हे मला एकटीने म्हटल्यावर कळलं.

मी छत्तीस वर्षं रेल्वेच्या आरक्षण खिडकीत बसले. तिथे योहान नावाचा एक गँगमन, रुळांची देखभाल करणारा, दरवर्षी मुलीकडे जायचं तिकीट काढायला माझ्याच खिडकीवर यायचा, दुसरी मोकळी असली तरी. दरेकसाच्या पुढच्या एका गावातला. तो एकदा म्हणाला होता, "आमच्याकडं घंटा तीनदा वाजते, बाई. तिसरी वाजल्याबिगर देव बी आत जात नाई." ते माझ्या लक्षात राहिलं. म्हटलं, असं चर्च अजून असेल तर पत्र देऊन टाकायचं आणि मोठ्या सणांना तिकडे जायचं. योहानचा नंबर जुन्या डायरीत सापडला. फोन केला. "या ना बाई," म्हणाला, आणि काहीही विचारलं नाही.

जाणाऱ्यांसाठी: नागपूर ते गोंदिया गाड्या भरपूर आहेत, दोन-अडीच तास धरा. खिडकी डावीकडची घ्या. भंडारा सोडला की कापलेली धानाची शेतं सुरू होतात आणि जागोजागी पुंजणे, म्हणजे मळणीची वाट पाहणारे धानाचे गोल ढीग, म्हाताऱ्या बायका घोंगडी पांघरून बसाव्यात तसे. गोंदियात स्टेशनजवळ लॉज मिळतात, साधे आणि बरे. माझ्या लॉजच्या मॅनेजरने रजिस्टर पुढे केलं आणि विचारलं, "मॅडम, अकेले? साथ में कोई नहीं?"

"दिसतंय का कोणी?" मी म्हटलं.

तो ओशाळला, पण पुन्हा म्हणाला, "नहीं, दो तकिए रख दूँ क्या?"

मी एकच उशी ठेवायला सांगितली. संध्याकाळी बाजारात गरम समोसा आणि चहा. गोंदियात मराठी बोललात तर उत्तर हिंदीत येतं, हिंदी बोललात तर मराठीत. कोणाला त्याचं काही वाटत नाही.

रविवारी सकाळी डोंगरगडकडे जाणारी पॅसेंजर घेतली. वेळ आदल्या दिवशी स्टेशनवरच विचारा, मोबाइलवर विसंबू नका. हे मी रेल्वेची माणूस म्हणून सांगते. सालेकसानंतर जंगल रुळांच्या अगदी जवळ येतं. दरेकसाला माझ्यासह सात जण उतरले. थंडी अशी की बोलताना वाफ दिसत होती, फक्त बोलायला कोणी नव्हतं. बाहेर एक ऑटो होता. दीडशे रुपये म्हणाला, मी घासाघीस केली नाही. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तुम्ही तिथे जाऊन रील कराल.

वाटेतच पहिली घंटा ऐकू आली. टणक, लांबवर जाणारा आवाज. चिंचेच्या झाडाला रुळाचा एक तुकडा टांगलेला होता, जवळ लोखंडी दांडा. चर्च म्हणजे टिनाचं छप्पर, कुडाच्या भिंती, सारवलेली जमीन, चटया आणि समोर बांबूचा क्रूस. अंगणात चिटपाखरू नव्हतं. माझ्या घड्याळात सव्वानऊ. मला बरं वाटलं. चपला काढल्या, आत गेले, पुढून दुसऱ्या चटईवर बसले, डोळे मिटले. सिस्टरांनी शिकवलं होतं तसं.

दुसरी घंटा झाली. अंगणात माणसं जमू लागली. चपलांचे आवाज, खोकले, हसणं. एक बाई कोणाला तरी विचारत होती, "काऊन गा, काल कायले नाई आला?" कोंबडी ओरडली. मी डोळे आणखी घट्ट मिटले. म्हटलं, येतील आता आत, गप्प होतील.

कोणी आलं नाही.

दहा वाजले. साडेदहा. बाहेरचे आवाज हळूहळू बारीक झाले, नंतर कुजबूज राहिली, पण तिसरी घंटा काही होईना. माझे पाय बधिर झाले होते. एवढ्या लांब आले ते वेळेवर सुरू होणारी उपासना पाहायला, आणि हे लोक दारात गप्पा मारत बसलेत! मी पर्समधून पत्र काढलं, पुन्हा वाचलं. माझं अक्षर अजून चांगलं आहे. त्या रिकाम्या खोलीत बसून मला पहिल्यांदा भीती वाटली की असं कुठेच नसेल. म्हणजे मग घरचा रेडिओच.

शेवटी मी तावातावाने उठले आणि बाहेर आले, चांगलं सुनावायचं ठरवून.

अंगणात चाळीसेक माणसं बसली होती, सगळी दाराकडे तोंड करून. मला पाहताच सगळी उठली.

"झाली का बाई प्रार्थना?" योहानने हळूच विचारलं. केस पूर्ण पांढरे झालेत त्याचे.

"माझी प्रार्थना? मी दीड तास तुमची वाट पाहतेय!"

"आमी तुमची पाहून राहिलो ना," तो म्हणाला.

त्याची बायको सुखमाबाई पुढे आली आणि तिने माझे गार हात सरळ आपल्या हातांत घेतले. "आमाले वाटलं, बाई नागपुरावून आली, एकटीच आत जाऊन बसली. मनात लई असन. कोनी आत रडून राहिला तं आमी घंटा नाई वाजवत."

"मी रडत नव्हते."

"नसान," ती म्हणाली. हात मात्र सोडले नाहीत.

मग कळलं. तिथे तिसऱ्या घंटेआधी कोणी आत जात नाही. पहिली घंटा निघण्याची, दुसरी जमण्याची. जमल्यावर अंगणात प्रत्येकाने प्रत्येकाच्या समोर जायचं, हातात हात द्यायचा, "जय येशू" म्हणायचं. कोण आलं नाही, काऊन आलं नाही, ते विचारायचं. कोणाशी अबोला असेल तर तिथेच बोलून टाकायचं. मग तिसरी घंटा, आणि सगळ्यांनी एकदम आत. मी पाळकसाहेबांच्या पाचारणाची वाट पाहत होते, आणि इथे पाचारण तासभर अंगणात चाललं होतं. मी चुकीच्या बाजूला बसून ते गोंगाट म्हणून ऐकत होते.

मलाही सगळ्यांनी हात दिले. खरखरीत, धानाच्या कुसांनी ओरखडलेले हात. शेवटी योहानने विचारलं, सगळ्यांना विचारतो तसंच, "बाई, कोनाशी अबोला?"

खोटं बोलायचं मनात आलं. "आहे," मी म्हटलं. "पण ती नागपूरला आहे."

"फोन लावता का? टेकडीवर टॉवर भेटते."

"मी नाही लावणार. चूक तिची आहे."

मला वाटलं, आता प्रवचन होणार. योहानने फक्त मान हलवली. "मंग दाराजवळ बसा. ज्याचं मिटलं नाई तो दाराशी बसते. शिक्षा नाई ती. लवकर निंगता येते, मिटवाले."

आणि तिसरी घंटा? ती सर्वांत शेवटी जो येतो तो वाजवतो. मी पहिली आले होते हे मी सांगून पाहिलं. "अंगणात तं शेवटीच आल्या ना," सुखमाबाई म्हणाली, आणि लोक हसले. माझ्या हातात दांडा दिला.

बावीस वर्षांत मी अशोकच्या घंटेला एकदाही हात लावला नव्हता. तो दोर ओढायचा आणि मी आत बसून त्याच्या ठोक्यांवर घड्याळ लावायची. पहिला ठोका माझा चुकला, दांडा निसटून झाडावर बसला. दुसरा लागला. रूळ दांड्यातून खांद्यापर्यंत थरथरतो, हे त्याने मला कधी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

दाराशी माझ्या शेजारी एक मध्यमवयीन शेतकरी बसला होता. त्याचा भाऊ सर्वांत पुढे. गीत सुरू होण्याआधी तो माझ्याकडे वाकला. "तुमचं बी बांधाचंच का?"

"नाही. ढोलाचं."

त्याने समोर बोट दाखवलं. "इथं बी ढोलच हाये," म्हणाला. खरंच समोर एकाने मांदर गळ्यात अडकवला होता. वाजलाही, चांगला दणदणीत. मला खटकला नाही, हे लिहिताना माझा मलाच राग येतोय.

"तुम्ही किती दिवस इथे बसता?" मी विचारलं.

"दोन वर्सं झाले." मग जरा वेळाने, समोर भावाच्या पाठीकडे बघत, "हवा चांगली येते इथं."

एवढं म्हणून तो गीत म्हणू लागला. त्याचा आवाज सगळ्यांत चांगला होता आणि सगळ्यांत मागे होता.

उपासनेनंतर जेवण योहानकडे: गरम भात, लाखोळीची डाळ, वांगं घातलेली पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगांची भाजी. हिवाळ्यात त्या भागात गेलात तर पोपट खाल्ल्याशिवाय येऊ नका. कृती लिहून घ्यायला माझ्याकडे कागद नव्हता, म्हणून पर्समधलं पत्र काढलं आणि त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिली. दुपारच्या पॅसेंजरला योहान सोडायला आला. गाडी हलेपर्यंत खिडकीशी उभा होता. या वेळीही खिडकीच्या आत मीच होते, फक्त माझ्याकडे द्यायला काहीच नव्हतं.

नागपूरला घर होतं तसंच होतं. कुलूप, काळोख, सकाळी उपडं ठेवलेलं एक ताट. प्रवासाने माणूस बदलतो वगैरे मी लिहिणार नाही. आठवडाभर माझा कोणाशी संवाद झाला तो दूधवाल्याशी आणि बँकेच्या मशीनशी.

पुढच्या रविवारी आठ महिन्यांनी चर्चला गेले. आत नाही. पायऱ्यांपाशी, स्कूटरी लावतात तिथे उभी राहिले. लोक घाईने शेजारून जात होते. "काकू, या ना, सुरू होतंय," म्हणत होते आणि थांबत नव्हते. मी हात पुढे केला तर दोघांनी हात मिळवला, एकीने मला प्रार्थनापत्रिका दिली. थंडी होती. परत फिरायचं मी जवळजवळ ठरवलं होतं.

सुषमा हातात कसलीशी वायर घेऊन धावत आली आणि मला पाहून थबकली.

"काकू."

"तुझ्याशी बोलायचंय. आत नाही, इथे."

"आता? आता सुरू..."

"होऊ दे सुरू."

तिने वायरीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. मी तिला सांगितलं की ढोल मला आवडत नाही आणि आवडणारही नाही. पण त्या घंटेवरून ती जे बोलली ते मला फार लागलं होतं, आणि मी ते तिला न सांगता आठ महिने घरात बसले.

तिने वायर बोटाभोवती गुंडाळली. मग म्हणाली, "काकू, मी दोनदा आले होते. रविवारी, चर्च सुटल्यावर. तुमच्या दारापर्यंत. आतून गीतं ऐकू येत होती. वाटलं, प्रार्थनेत असाल, कशाला मोडायची. थांबले थोडा वेळ आणि परत गेले."

आत पडद्यावरचे आकडे सुरू झाले असावेत, लोक मोठ्याने मोजत होते. सुषमाने वायर पायरीवर ठेवली. मी तिचे हात हातांत घेतले. गार होते. दहापासून एकपर्यंत मोजून झालं, ढोल वाजला, आणि आम्ही दोघी अजून बाहेरच होतो.