दुसऱ्या खेपेची ओटी

शेवंतीचा कडसर वास आला की अंबरनाथचं आमचं कौलारू घर आणि दुसऱ्यांदा गरोदर असलेली माझी वहिनी आठवते. मी तेव्हा इंग्रजी शाळेत जाणारी, अकरा वर्षांची अबोल मुलगी होते. परसातली शेवंती खुडून वहिनी स्वतःच स्वतःसाठी फुलांचे दागिने ओवत होती. आई माझ्याकडे बोट दाखवून तिला म्हणाली, "डोहाळजेवण पहिलटकरणीचं करतात. हिच्या वेळी माझं कुठे केलं होतं?" वहिनी हसली. "तरीच वन्सं एवढ्या गप्प! आणि आई, या बाळाला काय नऊ महिने लागत नाहीत?" हिरवं लुगडं नेसून ती पाटावर बसली. तिने बोलावलेल्या शेजारणी आईचा चेहरा बघून दारातच थबकल्या, ओटी भरायला कोणी पुढे येईना. कुमारिकेने ओटी भरायची नसते हे मला ठाऊक होतं, तरी मी उठले आणि नारळ-तांदूळ वहिनीच्या पदरात घातले. "अगं, तुझं लग्न झालंय का?" आई ओरडली. "नाही," मी म्हणाले, "पण मीही दुसरीच आहे." घरात एवढ्या मोठ्याने मी पहिल्यांदाच बोलले होते, आणि त्यातला एकही शब्द मला अजून मागे घ्यावासा वाटत नाही.