दादांनी बदललेला शेवट

ही हकिगत सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. आमच्या मराठी मंडळाच्या अंकासाठी कुणी लेख मागितला की इथल्या हवेवर काहीतरी खरडून द्यायचो. पण चिनी राजकन्येचा आवाज काढणारा सहा फुटी ड्रायव्हिंग इन्स्ट्रक्टर साऱ्या इंग्लंडात एकच होऊन गेला, आणि तो म्हणजे माझ्या बायकोचे मावसभाऊ, आमचे दादा.

दादा एकटेच राहायचे. आमच्या एजवेअर उपनगरातल्या निम्म्या मराठी पोरांना त्यांनी गाडी शिकवली, आणि निवृत्त झाल्यावर ते कोरियन आणि चिनी प्रेममालिकांच्या नादी लागले. नादी लागले म्हणजे कसे, तर मालिका ज्या कादंबरीवरून काढली असेल ती आधी इंटरनेटवरच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत पूर्ण वाचायची. "रस्ता माहीत नसताना शेजारी माणूस बसवायचा नाही," असं त्यांचं म्हणणं. मग मालिकावाल्यांनी कादंबरीतला एखादा प्रसंग गाळला की पॉज करून दिग्दर्शकाची खरडपट्टी काढायची. नायक-नायिका एका छत्रीखाली आले की डोळे पुसायचे आणि दोष आमच्या सेंट्रल हीटिंगला द्यायचा.

शेजारी बसलेलं माणूस म्हणजे माझी बायको, बेबी. मधुमेहाने तिची नजर गेली, पाठोपाठ किडन्या गेल्या. एक दिवसाआड डायलिसिस. मधल्या दिवशी दुपारी दादा यायचे आणि सबटायटल्स मराठीत वाचून दाखवायचे. सेनापती, राजमाता, दासी, सगळ्यांचे आवाज स्वतः काढून. त्यांची राजकन्या घोगऱ्या आवाजात लाजायची. राजमाता खेकसायची, "मेल्या, राज्य काय तुझ्या बापाचं आहे?" त्यावर बेबी म्हणायची, "अरे दादा, बापाचंच आहे ना!" आणि दोघं हसून हसून बेजार व्हायची.

मी शेजारच्या खोलीत तिच्या गोळ्या लावत असायचो. माझ्यापाशी ती अशी हसत नसे. माझ्यापाशी ती फक्त दुखतंय म्हणायची.

त्या हिवाळ्यात एका वैद्य मुलीची मालिका चालू होती. मुलगी अंथरुणाला खिळलेली, तिचा सेनापती सीमेवर. बेबी डायलिसिसला कंटाळली होती. "बंद करू या का आता?" असं मला विचारायची आणि लगेच म्हणायची, "पण त्या पोरीचं काय होतं ते कळू दे." हे दादांना ठाऊक होतं. त्या पोरीचं काय होतं, तेही ठाऊक होतं.

शेवटच्या भागाच्या वेळी मी चहा घेऊन आत गेलो, तेव्हा पडद्यावर बर्फातून तिची अंत्ययात्रा चालली होती. दादा सांगत होते, "ताप उतरला बघ, बेबी. सेनापती आलाय. तिचा दवाखाना झाडून काढतोय." त्यांच्या कपाळावर घाम होता, पण आवाज हलत नव्हता. बेबीचा चेहरा उजळला होता. मला ते बघवलं नाही.

"काय थापा मारताय, दादा?" मी म्हणालो. "मेली ती. समोर प्रेत चाललंय."

मग बेबी हळूच म्हणाली, "अहो, संगीत ऐकू येतं मला. कळलं होतं. सांगू द्यायचं होतंत त्याला."

दादांनी कोट घातला. "चुकलंच माझं, जावईबापू," एवढंच म्हणाले. ते पुन्हा आले नाहीत. बेबी दुपारी विचारायची, "दादा येणारेय का?" मी म्हणायचो, "फोन करतो." केला नाही. फेब्रुवारीत तिने डायलिसिस थांबवायचं ठरवलं. या वेळी तिने मला विचारलं नाही.

ती गेल्यावर दादा पुतण्याकडे ग्लासगोला गेले. एकदा मी तिथवर जाऊन आलो. त्यांनी माझ्या तब्येतीची चौकशी केली, स्वतः चहा केला, आणि नवी मालिका मूळ कादंबरीपुढे किती फिकी आहे ते तासभर समजावलं. मी मान डोलवत राहिलो आणि गाडीची वेळ झाली म्हणून उठलो. गेल्या वर्षी ते गेले.

त्या वेळी ग्लासगोला जाताना ट्रेनमध्ये मी मनाशी घोकत होतो ते एवढंच: "दादा, तिला खरं कळावं म्हणून मी बोललो नव्हतो. ती तुमच्यापाशी हसायची, ते मला सोसत नव्हतं. मला माफ करा."